पाना, पॅच आणि सव्वाशे किलोमीटर

साताऱ्याहून मिरजेला आपाच्या घरी एसटीने तीन-साडेतीन तासांत पोहोचता येते. यंदा डिसेंबरात आम्ही दोघे भाऊ आणि आमचा नववीतला पुतण्या सायकलने निघालो. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर, मुक्काम कराडला. आपाने फोनवरच विचारले, "आणि वाटेत सायकल बिघडली तर?"

लांबच्या रस्त्यावर ती बिघडतेच. अब्बांचे साताऱ्यात सायकलचे दुकान होते. तासाच्या भाड्याने सायकली द्यायचे, दुरुस्तीही करायचे. दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली, पण पिशवीत काय घ्यायचे ते आम्हाला पाठ होते. दोन ट्यूब, पॅच, सोल्युशनची नळी, काचकागद, टायर काढायच्या पट्ट्या, पाना, पंप, थोडी बारीक तार आणि हात पुसायला चिंधी.

पुतण्या मात्र ती पिशवी आपल्या सायकलला लावू देईना. वर्गात कोणीतरी त्याला 'पंक्चरवाला' म्हटले होते. आजोबांच्या दुकानाची त्या पोरांना खबरही नव्हती. हजेरीपटावरचे नाव तेवढे पुरले. हा टोमणा आपल्या मुलांना कशावरून मारतात, ते इथे फोड करून सांगायला नको. पिशवी आम्हीच घेतली.

पहिले पंक्चर उंब्रजच्या अलीकडे. हायवेवर काट्यांपेक्षा तारांचा त्रास जास्त. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा रस्त्याच्या कडेला पसरतात, आणि सायकलवाल्याची जागा नेमकी तिथेच. पाणी जवळ नसेल तर हवा भरलेली ट्यूब गालाजवळून फिरवायची. कानाला नाही तरी गालाला हवा लागते. भोक सापडले की जागा घासायची, सोल्युशन लावायचे आणि ते सुकेपर्यंत थांबायचे. हे थांबणेच लोकांना जमत नाही, मग पॅच सुटतो. त्याआधी टायरच्या आतून चिंधी फिरवायची, कारण तार तिथेच राहिली तर दोन मिनिटांत पुन्हा तेच. पुतण्या लांब उभा राहून मोबाईल बघत होता. हवेचा टायर 1888 मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी केला, हे आम्ही त्याला ऐकवले. "गुरांचा डॉक्टर?" एवढेच म्हणाला, पण जवळ आला.

दुसऱ्या दिवशी पेठ नाक्यावरून वळलो, इस्लामपूर मागे टाकले आणि मागच्या चाकाचा स्पोक तुटला, तोही फ्रीव्हीलच्या बाजूचा. चाक मधोमध राहावे म्हणून त्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, त्यात सामानाचे ओझे. तुटलेला स्पोक शेजारच्याला तारेने बांधला, रिम घासत होती म्हणून मागचा ब्रेक ढिला केला आणि उसाच्या ट्रॅक्टरांना वाट देत हळूहळू आष्टा गाठले. नवा स्पोक घालायला फ्रीव्हील काढावे लागते. त्याचे हत्यार आमच्याकडे नव्हते.

आष्ट्यात एका चाचांचे छोटे दुकान सापडले. सलाम झाला, चहा आला. त्यांनी फ्रीव्हील उतरवले, स्पोक घातला आणि चाक फिरवत एकेक स्पोक बोटाने छेडून आवाज ऐकू लागले. ढिला बोदा वाजतो, ताणलेला खणखणतो. पुतण्याने मोबाईल खिशात टाकला. "हे तर सतारीसारखं झालं," तो म्हणाला. चाचा हसले, "मिरजेला चाललायत ना? तिकडं विचारा." खरेच आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांतल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये घडवायला घेतली, आणि त्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चाचांनी चाळीस रुपये घेतले, मोजून गल्ल्यात टाकले.

तुंगच्या आसपास शाळेच्या गणवेशातली दोन मुले सायकल हाताने ढकलत चालली होती. पुढचे चाक बसलेले. आम्ही उतरायच्या आत पुतण्याने आमच्याकडून पिशवी मागून घेतली. ट्यूब काढली, गालाजवळून फिरवली. सराटा निघाला. सोल्युशन सुकेपर्यंत तो खरोखर थांबला.

"दादा, तुमचं दुकान कुठाय?" धाकट्याने विचारले.

"साताऱ्यात," तो म्हणाला आणि पंप मारू लागला.

सांगलीपर्यंत पिशवी त्याच्याच सायकलला होती.