शिंगणापूरची वाट

चैत्र शुद्ध द्वादशीला माणातल्या शिखर शिंगणापूरला निघालो, तो आबांच्या हट्टाखातर. ऐंशीच्या घरातल्या त्या माणसाला मुंगी घाट चढणारी तेल्या भुत्याची कावड एकदा डोळ्यांनी पाहायची होती. दहिवडीहून निघालेली एस.टी. शिखराच्या अलीकडेच अडली. पुढे जीप, ट्रक, ट्रॅक्टर. रस्ता एकच, अन् जो तो दुसऱ्याच्या पुढे घुसू पाहणारा. पुण्यात तरी आपण निराळे काय करतो म्हणा! गाड्या लांबच थोपवून जाण्यायेण्याच्या वाटा वेगळ्या केल्या असत्या, तरी निभावले असते. विद्यार्थिदशेत मी तो घाट पाहिला होता. उभ्या कड्यावर माणसांची साखळी, अन् सासवडकरांची ती जड कावड हातोहात वर सरकणारी. तिथे कोणी कोणाला ढकलीत नाही. ढकलले तर दोघेही दरीत. आम्ही पोचलो तेव्हा कावड वर येऊन गेली होती.

"पुढल्या वर्षी पायीच निघू," आबा म्हणाले.