लिंबाची वडी आणि सासूबाईंची माळ

आषाढ लागला की आमच्या कोल्हारात लिंबाला कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात एकेक लिंबू मोजून आणायचं आणि पावसाळ्यात आंबेबहाराची लिंबं पाटी भरून दारात! आमच्या परसातली दोन झाडं राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘साई सरबती’ जातीची. साल पातळ अन् रस भरपूर. लोणचं झालं, सरबत झालं, उपासाचं गोड लोणचंही झालं. तरी टोपली भरलेलीच.

यंदा सुनेनं मनावर घेतलं. ती पुण्याची, बेकिंगचा वर्ग केलेली. खाली लोण्यातल्या खुसखुशीत बिस्किटाचा थर, वर लिंबाचा आंबटगोड थर, ओव्हनमध्ये भाजून चौकोनी तुकडे. ‘लेमन बार’ म्हणतात त्याला. फर्मास झाले होते हो! पण त्यात चार अंडी, आणि सासूबाई माळकरी. “पोरी, तुझ्या हातचं नको म्हणत नाही, पण गळ्यात माळ आहे माझ्या,” एवढंच बोलून त्या देवघरात गेल्या. सून हिरमुसली. दुसऱ्या दिवशी तिनं न बोलता आपला डबा, चमचा, पातेली वेगळ्या फळीवर ठेवली. कुणी भांडलं नाही, की आवाज चढवला नाही. तरी ती फळी काही मला बघवेना.

अंडं काढलं तर तो लेमन बारच नाही, असं सुनेचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. वरचा थर धरतो तो अंड्यामुळेच. कॉर्नफ्लोअर लिंबाच्या रसात शिजवलं, तर आंबटपणानं सैल पडतं. पण आपल्याकडे श्रीखंडाचा चक्का आहे ना! शिवाय कंडेन्स्ड मिल्कमध्ये लिंबाचा रस पडला की ते आपोआप दाटतं. “याला लेमन बार म्हणू नकोस, लिंबाची वडी म्हण,” मी सुनेला सांगितलं. मग मात्र तिनंच प्रमाण बसवलं.

दीड वाटी मैदा, अर्धी वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढं घट्ट तूप. साधारण अर्धी ते पाऊण वाटी. पीठ मुठीत वळलं की पुरे. आठ इंची चौकोनी डब्यात दाबून बसवा आणि १८० अंशांवर वीसेक मिनिटं, कडा बदामी होईपर्यंत भाजा. ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, वाटीभर घट्ट गोड चक्का आणि पाच-सहा लिंबांचा रस एकत्र घोटून त्यावर ओता. साल किसायची ती वरवर. पांढरं आलं की कडू. पुन्हा १६० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं. मध्यभागी किंचित हलतंय तोवरच बाहेर काढायचं. निवलं की चार तास फ्रिजमध्ये, मगच सुरी लावायची. आणि हो, कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात रस ठेवू नका, कळकेल.

रंग पांढराच राहतो. सून केशर घालणार होती, मी नको म्हटलं. पिवळं दिसलं असतं तर सासूबाईंच्या मनात उगाच शंका. डबाही नवा आणला. काहींना हे अति वाटेल; पंचाहत्तरीच्या बाईला पटवत बसण्यापेक्षा एक डबा स्वस्त पडतो.

सासूबाईंनी वडी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. “यात काय काय आहे?” सुनेनं एकेक जिन्नस सांगितला. एक खाल्ली, मग अर्धी मागून घेतली. संध्याकाळी विचारतात कशा, “पोरी, दिंडीतल्या बायकांना द्यायला टिकेल का गं ही?”

दुधाचा जिन्नस, फ्रिजबाहेर कसला टिकतोय! पण सून मला न विचारताच मैदा चाळायला बसली. खालचं नुसतं बिस्किट, त्यात लिंबाची किसलेली साल. दोन डबे भरले. एक दिंडीला गेला आणि दुसरा सासूबाईंनी आपल्या फडताळात ठेवला. वेगळ्या फळीवरची पातेली त्या गडबडीत ओट्यावर आली, ती अजून तिथेच आहेत.