तीन दिवसाच्या गोळ्या

सर्दी-खोकला झाला की सरळ मेडिकलवर जायचं आणि "तीन दिवसाच्या गोळ्या द्या" म्हणायचं, हे आपल्या देवगाव रंगारीत आता अंगवळणी पडलंय. बहुतेक वेळा ती अझिथ्रोमायसिनची पट्टी असते. सर्दी होते विषाणूमुळे. त्यावर ही गोळी चालतच नाही. उलट अंगातले जंतू तिला सरावतात आणि उद्या खरोखर न्यूमोनिया झाला तर तीच गोळी निकामी ठरते.

यावर एक नवं औषध आलंय आणि ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे. चिकलठाणा एमआयडीसीत वोक्हार्ट कंपनीचं संशोधन केंद्र आहे. डॉ. महेश पटेल यांच्यासारखे शास्त्रज्ञ तिथं वर्षानुवर्षं नव्या ॲंटिबायोटिकवर काम करताहेत, त्यांच्या नावावर पेटंटंही आहेत. त्यातून नॅफिथ्रोमायसिन तयार झालं. 20 नोव्हेंबर 2024 ला केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी ते 'मिकनाफ' या नावानं देशापुढं आणलं. 14 वर्षं आणि सुमारे 500 कोटी रुपये लागले. त्यात सरकारचाही पैसा आहे, म्हणजे तुमचा-माझाही. रोज एकदा, असं तीनच दिवस घ्यायचं. जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला ते दोन जागी पकडतं, म्हणून अझिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या जंतूंवरही चालतं.

आता खरा मुद्दा. पेटंट अर्ज केल्यापासून 20 वर्षं चालतं. शोधात आणि चाचण्यांतच त्यातली बरीच वर्षं सरतात. उरलेली वर्षं दुसऱ्या कंपनीला नक्कल करता येत नाही. पण पेटंट कंपन्यांना अडवतं, जंतूंना नाही. हे औषधही तीन दिवसांचंच आहे. उद्या तेही काउंटरवर 'तीन दिवसाच्या गोळ्या' म्हणून सुटं विकलं गेलं, तर पेटंट संपायच्या आधी औषधच संपेल. नवी ॲंटिबायोटिक्स काही दरवर्षी येत नाहीत.

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली की ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आणि मेडिकलवाल्या दादांनो, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी आधी चिठ्ठी मागा. राग आला तर येऊ द्या. त्याच्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला, तर तेव्हा गोळी लागू पडायला हवी ना?