न सापडलेल्या हायड्रोजनची नोंद

दीर्घिकांच्या जडणघडणीवर काम करणाऱ्या माणसाला दर काही वर्षांनी आपल्या संशोधनाची यादी मांडावी लागते. निबंध किती, त्यात पहिलं नाव कितींवर, दाखले किती जणांनी दिले. यंदा ती लिहिताना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवलं, ‘मॅडम, हा एक निबंध काढून टाका, त्यात काहीच मिळालेलं नाही.’ मी तो काढला नाही, आणि का काढला नाही ते सांगायलाच हवं.

दीर्घिका घडताना किंवा म्हातारी होताना कुणी पाहू शकत नाही. सूर्याला आपल्या आकाशगंगेची एक फेरी करायलाच वीस कोटींहून जास्त वर्षं लागतात. म्हणून आम्ही वेगवेगळ्या अंतरांवरच्या, म्हणजेच वेगवेगळ्या काळातल्या हजारो दीर्घिका शेजारी ठेवून त्यांच्या आयुष्याचा क्रम लावतो. ताऱ्यांचा उजेड खूप दूरवरून दिसतो. ज्या हायड्रोजनपासून पुढे तारे होतात, तो मात्र त्या उजेडात दिसत नाही. 21 सेंटिमीटर तरंगलांबीची क्षीण रेडिओ लहर, एवढीच त्याची थेट खूण. विश्व पसरत असल्यामुळे आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली ही लहर आपल्यापर्यंत येताना ताणून दुप्पट होते. 1420 मेगाहर्ट्झचा संदेश 710 च्या आसपास ऐकावा लागतो.

तो ऐकायला आम्ही नारायणगावजवळ खोडदला जातो. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या तिथे सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तबकडीला भरीव पत्रा न लावता ताणलेल्या पोलादी दोरांवर तारेची जाळी बसवली. वारा आरपार जातो, वजन आणि खर्च दोन्ही वाचतात. इतकी साधी आणि इतकी धाडसी रचना मी दुसरी पाहिलेली नाही. निरीक्षणाच्या सुरुवातीला सगळ्या तबकड्या 3सी 48 सारख्या ओळखीच्या, प्रखर स्रोताकडे वळवून कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे मोजमापं जुळवून घ्यायची, मग आपलं क्षेत्र. वारा फार वाढला, तर तबकड्या सरळ आभाळाकडे तोंड करून उभ्या करतात आणि काम थांबतं.

खरी मेहनत पुण्याला परतल्यावर. स्क्रीनवर आडवी वारंवारता, उभा वेळ. मोबाइलच्या टॉवरची उभी पट्टी हटता हटत नाही. कुठल्या तरी खांबावर विजेची ठिणगी उडाली की या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ उमटते. हे सगळं फ्लॅग करायचं, म्हणजे कापून टाकायचं. प्रोग्रॅम बरंच कापतो, तरी शेवटची नजर माणसाचीच लागते. जास्त कापलं तर दीर्घिकेचाच संदेश जातो, कमी कापलं तर नसलेला संदेश दिसू लागतो. यात महिने जातात आणि यादीत त्यांची एक ओळही होत नाही.

एवढं करूनही इतक्या दूरची एकेकटी दीर्घिका ऐकू येतच नाही. भरल्या बाजारात एकाच्या कुजबुजीचं जे होतं, तेच तिचं. मग हजारोंची कुजबुज एकावर एक रचायची. प्रत्येकीची जागा आणि ताम्रसृती, म्हणजे तिची लहर किती ताणली गेली ते माप, प्रकाशीय दुर्बिणींनी आधीच मोजलेली असते, त्यामुळे कुणाचा संदेश कुठे शोधायचा हे ठाऊक असतं. 2016 मध्ये निस्सीम काणेकर, शिव सेठी आणि द्वारकानाथ यांनी 857 दीर्घिकांचे संदेश असे रचले. हायड्रोजन सापडला नाही. हाती आली ती फक्त कमाल मर्यादा: सरासरी वायू याहून जास्त नाही. त्यांनी ती रीतसर छापली. पुढे जीएमआरटीला रुंद पट्टा एकदम ऐकणारे नवे रिसीव्हर बसले. 2020 मध्ये हेच तिघे, आदित्य चौधुरी आणि जयराम चेंगलूर यांनी सुमारे 100 तासांच्या निरीक्षणातून 7653 दीर्घिकांचे संदेश रचले आणि आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन सापडला. ‘नेचर’मध्ये तो निबंध ऑक्टोबरमध्ये आला, स्वरूप सर सप्टेंबरमध्येच गेले होते. त्यांना तो छापलेला पाहायला मिळायला हवा होता.

निष्कर्ष मोठा होता. त्या काळच्या दीर्घिकांकडे वायू भरपूर होता, पण तारे घडण्याचा वेग असा की तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपावा. बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही, म्हणून पुढे विश्वात तारे घडणं मंदावलं, असं त्यावरून दिसतं. या उत्तराची पहिली पायरी मी 2016 च्या त्या मर्यादेला मानते.

निवड समितीवर बसणाऱ्यांना माझी विनंती आहे: ‘सापडलं नाही’ असा निबंध समोर आला, तर किती तास निरीक्षण केलं, किती दीर्घिका घेतल्या आणि मर्यादा किती खाली नेली, हे तीन आकडे वाचा, मगच मत बनवा. आणि माझ्या विद्यार्थ्यांनो, असा निबंध लिहिलात तर छापा, आणि यादीतून काढू नका.