महावानराचं मन कुणाचं?

मैत्रिणींनो, रविवारी जेवणं आटोपली, ओटा आवरला, की तुम्ही काय करता? जरा पाठ टेकायची, अंक चाळायचा, हो ना? आमच्याकडे गेलं वर्षभर ते सुख नाही. बरोबर अडीचच्या ठोक्याला दारात चपलांचा ढीग पडतो आणि बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पाच मुलं फासे घेऊन बसतात. फासेसुद्धा आपल्या सारीपाटाचे नव्हेत! कशाला चार बाजू, कशाला आठ, कशाला बारा, आणि सगळ्यांत मानाचा तो वीस बाजूंचा. तो एकदा दिवाणाखाली गेला की घरभर शोधाशोध. म्हणून मी आता फासे टाकायला परातच दिली आहे. (परातीत जुना टॉवेल अंथरावा, म्हणजे खणखणाट होत नाही. सासूबाईंची दुपारची झोप त्यावर अवलंबून असते.)

खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ बाजारात आला, तेव्हा पहिल्या प्रती अवघ्या हजार होत्या. आज तो आमच्या सतरंजीपर्यंत पोचला आहे. यात हार-जीत नाही. एक जण गोष्ट सांगतो, तो ‘डंजन मास्टर’, मुलांच्या भाषेत डीएम. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी जादूगार, कुणी लढवय्या, कुणी चोर. ‘मी दार ढकलतो’ असं तोंडाने म्हणायचं आणि दार उघडलं का, ते फाशाने ठरवायचं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, “म्हणजे भातुकलीच की!” मला विचाराल तर त्या काही चुकल्या नाहीत. फक्त या भातुकलीच्या नियमांचं पुस्तक तीनशेच्या वर पानांचं आहे, आणि त्यातल्या एका परिच्छेदावरून आमच्याकडे अबोला झाला.

त्याचं असं झालं. डॉक्टरांचा मुलगा डीएम. आमचे चिरंजीव जादूगार. खालच्या आळीतली जुळी भावंडं काहीतरी चोरबीर. आणि वरच्या मजल्यावरची मुलगी लढवय्यी, हातात तलवार. ही मुलगी वडिलांच्या बदलीमुळे गेल्या जूनमध्ये इथे आली. मी अर्धवेळ शिकवते त्याच शाळेत आहे, पण वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो पहिल्यांदा ऐकला आमच्या सतरंजीवर. “मी पुढे होते, तुम्ही मागे थांबा!” असं ती ठणकावून म्हणाली तेव्हा मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते, चमचा हातातच राहिला. तिची आई जिन्यात भेटली की म्हणायची, “रविवारची वाट बघत असते हो.”

तर त्या दिवशी तिच्या पात्राचे प्राण कंठाशी आले होते. प्रत्येक पात्राची प्राणशक्ती आकड्यात मोजतात, तिला ‘हिट पॉइंट्स’ म्हणायचं. तिचे उरले होते 4, आणि समोर दोन राक्षस. तेवढ्यात आमच्या चिरंजीवांनी ‘पॉलिमॉर्फ’ नावाचा मंत्र टाकला आणि तिला महावानर करून टाकलं. महावानराचे पॉइंट्स 157! जुळ्यांनी टाळ्या पिटल्या.

मग चिरंजीव म्हणाले, “आता उजवीकडचा राक्षस धर.”

ती म्हणाली, “नाही, मी आधी पूल तोडणार.”

डीएम म्हणाला, “तू काहीच ठरवणार नाहीस. तुझी बुद्धी आता 7. तुला माणसं ओळखू येत नाहीत. जवळ जो असेल त्याला तू मारणार.” आणि तिच्या वतीने त्यानेच फासा उचलला.

मुलगी क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, “मला माकड करू का, असं कुणी विचारलं होतं?”

“अगं, तुझा जीव वाचवला ना!” चिरंजीव खरोखर चकित झाले होते.

तिने कागद-पेन्सिल गोळा केली आणि ती वर निघून गेली. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शाळेत पुन्हा शेवटच्या बाकावर, खाली मान. मुलं म्हणायला लागली, “नियम म्हणजे नियम, त्यात रुसायचं काय?” तेव्हा मी म्हटलं, बघू तरी काय नियम आहे तो.

मी मराठी शिकवते. लिहिलेल्या वाक्याचा अर्थ काय आणि काय नाही, हा माझा रोजचा धंदा. रात्री दुधाला विरजण लावून झालं की दोन्ही पुस्तकं घेऊन बसायची. दोन्ही, कारण डॉक्टरांच्या मुलाकडे 2014 चं पुस्तक आहे आणि आमच्याकडे वाढदिवसाला आलेलं 2024 चं. मुलं सोयीप्रमाणे कधी यातलं वाक्य काढतात, कधी त्यातलं. निम्मी भांडणं तिथेच जन्माला येतात! दोन पुस्तकांतून पाहून एक पुरणपोळी करायला जाल तर काय होईल, तुम्हीच सांगा.

आता नियम बघा. या मंत्राने माणसाचा प्राणी होतो, जास्तीत जास्त एक तास. शरीर प्राण्याचं, ताकद प्राण्याची, आणि बुद्धीचे आकडेसुद्धा प्राण्याचेच. इथपर्यंत डीएमचं बरोबर. पण तिथेच पुढे लिहिलं आहे की दोन गोष्टी मूळच्या राहतात. एक नीतीचा कल, म्हणजे माणूस भला की बुरा ते. आणि दुसरा स्वभाव. हे दोन्ही पुस्तकांत आहे. मग मित्रांवर जीव टाकणं हे बुद्धीत मोडतं की स्वभावात? माझं मत विचाराल तर स्वभावात. आपल्याकडच्या मांजरालासुद्धा घरचं कोण ते कळतं, आणि उंदराची बुद्धी या खेळात 2 धरली आहे, साध्या माणसाची 10. मग 7 म्हणजे काही अगदीच ठोंब्या नव्हे! शिवाय त्याच महावानराच्या तक्त्यात शहाणपणाचा आकडा 12 आहे, साध्या माणसापेक्षा दोनाने जास्त. तो आकडा डीएमने वाचलाच नव्हता.

पण चिरंजीवांचीही बाजू टिकत नाही. महावानराच्या भाषेच्या रकान्यात काहीच नाही, म्हणजे ‘उजवीकडचा धर’ हे त्याला कळायचं कसं? आणि मुख्य म्हणजे, रूप पालटलेला जीव मंत्र टाकणाऱ्याची आज्ञा पाळतो, असं तो परिच्छेद मी तीनदा वाचला तरी कुठे सापडलं नाही. वर्गात सांगते तसंच मुलांना सांगितलं. ‘जादूगाराने तिला महावानर केलं’ या वाक्यात कर्ता जादूगार. ‘महावानराने पूल तोडला’ या पुढच्या वाक्यात कर्ता महावानर. पहिल्या वाक्यातला कर्ता दुसऱ्या वाक्यात आपोआप घुसत नाही.

शब्दांच्या दृष्टीने एक गंमत सांगते. जुन्या पुस्तकात म्हटलं आहे की नव्या रूपाच्या प्रकृतीला जमेल तेवढंच करता येतं. नव्यात त्या जागी शरीररचना असा शब्द घातला आहे. एका शब्दाने केवढा फरक पडला! ‘प्रकृती’ म्हटलं की वानराने वानरासारखंच वागायचं असा अर्थ ओढून काढता येतो. ‘शरीररचना’ म्हटलं की प्रश्न फक्त हातापायांचा. पूल तोडायला वानराचे हात भक्कम आहेत. तलवार मात्र नाही, कारण कपडेलत्ते आणि हत्यारं त्या रूपात विरघळून जातात.

आणि तिचा तो प्रश्न, मला विचारलं का? तोही पुस्तकात आहे. नाखूश असेल त्याला फासा टाकून मंत्र परतवायची संधी द्यायची, असं 2014 च्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. ती खूश की नाखूश हे विचारल्याशिवाय कसं ठरणार? चिरंजीवांनी गृहीत धरलं. शिवाय जीव वाचवला म्हणून एवढा तोरा, तर तो जीवही उसनाच. जादूगाराचं लक्ष टिकेल तोवरच रूप टिकतं. त्याला स्वतःला घाव बसला आणि फासा उलटा पडला की संपलं. जुन्या नियमाने ती पुन्हा 4 पॉइंट्सवर, राक्षसांच्या मधोमध.

सासूबाई माळ ओढता ओढता हे सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, “मारीच नव्हता का सोन्याचं हरीण झाला? बाण लागला तसा पुन्हा राक्षस.” अगदी हाच नियम! पॉइंट्स संपले की मूळ रूप. मी म्हटलं, “आणि नळराजा? कर्कोटक चावल्यावर रूप गेलं, पण घोडे हाकणं आणि हाताची चव तीच राहिली. दमयंतीने रांधलेल्या मांसावरून ओळखलं.” ते पॉलिमॉर्फमध्ये बसत नाही, तो मनुष्यच राहिला, पण या खेळात ‘वाइल्ड शेप’ म्हणून दुसरी विद्या आहे, वनात राहणाऱ्या ड्रुइड लोकांची. तीत बुद्धी स्वतःची राहते, शरीर तेवढं पालटतं. नळाचं दुःख त्या जातीचं.

डॉक्टरांच्या मुलाने आणखी एक सांगितलं, ते मात्र माझ्या मनातून गेलं नाही. 1978 च्या जुन्या नियमांत दुसऱ्याने आपलं रूप पालटलं तर दर दिवशी एक धोका असे, की आपण मूळचे कोण होतो हेच विसरून कायमचे त्या प्राण्याच्या मनाचे होऊ. बुद्धी जितकी तल्लख तितका धोका कमी.

सासूबाईंची माळ थांबली. “माझं नाव लग्नात बदललं,” त्या म्हणाल्या. “ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिलं नवं नाव.”

“तुम्हाला विचारलं होतं का, आजी?” चिरंजीवांनी विचारलं.

“तेव्हा कोण विचारतंय! पन्नास वर्षं झाली की आता. पण बाजारात माहेरच्या नावाने कुणी कुणालाही हाक मारू दे, माझी मान वळतेच.”

चिरंजीव काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने चपला न घालताच जिना चढून वर गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही. पण पुढच्या रविवारी दारात चपलांचे पाच जोड होते.

खेळ त्याच क्षणापासून पुन्हा सुरू झाला. आधी दोन गोष्टी ठरल्या. यापुढे एकच पुस्तक धरायचं, आणि मित्रावर मंत्र टाकायचा तर मोठ्याने विचारून. डीएम जरा हिरमुसला होता, “मग मी काय ठरवायचं?” म्हणाला. मी म्हटलं, दरी किती खोल, पूल किती जुना, वानराला काय दिसतं आणि कसला वास येतो, ते सगळं तू ठरव. वानर काय करणार ते तिला ठरवू दे. हे त्याला पटलं. मुलगा चांगला आहे, फक्त डॉक्टरांचा आहे ना, औषध तोच लिहून देणार!

तिने पूल तोडला. एक राक्षस दरीत गेला. दुसऱ्याने भिरकावलेला दगड जादूगाराला लागला, त्याचा फासा पडला 3, आणि ती 4 पॉइंट्सवर उघडी पडली. मग जुळ्यांपैकी एकाने तिला ओढून झाडीत नेलं. सगळी खोली ओरडत होती, सासूबाईंची झोप मोडली ती मोडलीच.

आता तिने स्वतःहून नवं पात्र घेतलं आहे, ड्रुइड. आणि नवा वाद उभा राहिला आहे. 2014 च्या पुस्तकात वाइल्ड शेपला अट अशी, की तो प्राणी आधी पाहिलेला हवा. पाहिलेला म्हणजे कुणी, तिने की तिच्या पात्राने? चित्रात पाहिलेला चालतो का? तिचं म्हणणं, माझं पात्र रानातच वाढलं आहे. शेवटी यादी करायची ठरली. ती यादी सध्या माझ्या फ्रिजच्या दारावर दुधाच्या हिशेबाशेजारी चिकटवलेली आहे: लांडगा, मगर, मांजर, घार. घारीवर डीएमने लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय, कारण उडणारं रूप आठव्या पातळीच्या आधी घेता येत नाही, आणि आमची मंडळी अजून सातव्यावरच आहेत.