मला पगार कोण देतं?

आमचे हे होते तोवर इन्कमटॅक्सच्या कागदांना माझा हात कधी लागला नव्हता. जून-जुलैतल्या एखाद्या रविवारी हे जेवणाच्या टेबलावर फायली पसरत. ‘पंखा हळू कर, कागद उडताहेत’ म्हणत, आणि मी पंखा हळू करीत असे. माझा त्या कामाशी संबंध एवढाच. २०२४ च्या फेब्रुवारीत हे गेले. पेन्शन माझ्या नावावर झाली, महिना ४५,००० रुपये. ठेवींचं व्याजही माझ्याच खात्यात येऊ लागलं. म्हणजे पुढचं रिटर्न मीच भरायचं.

शेजारचा मुलगा ही कामं झटपट करतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यानं अर्ध्या तासात फॉर्म भरून पाठवूनही दिला. “काकू, टॅक्स शून्य! उलट बँकेनं व्याजातून कापलेले २२,००० परत मिळतील.” मला केवढा आनंद! न्हाणीघरातला गीझर दोन वर्षं बंद पडलेला. लगेच दुकानदाराला नवा सांगून ठेवला.

रात्री चष्मा लावून तो कागद वाचायला बसले. पहिल्याच रकान्यात ‘पगार’, आणि पुढे ५,४०,०००. जन्मात मी एक दिवस नोकरी केलेली नाही. मला पगार कोण देतं?

सकाळी धाकट्या नणंदबाईंना फोन लावला. त्या कोषागारातून निवृत्त झाल्या आहेत.

“वहिनी, चुकलंय ते,” त्या म्हणाल्या. “दादाची पेन्शन त्याच्या स्वतःच्या नोकरीची, म्हणून ती पगारात धरत. तुम्हाला मिळतं ते कुटुंब निवृत्तिवेतन. तुम्ही कुठे सरकारची नोकरी केलीत? ते ‘इतर उत्पन्ना’त दाखवायचं.”

इतर! चाळीस वर्षं पहाटे उठून डबा दिला तो कुणाच्या नोकरीसाठी, असं विचारावंसं वाटलं. पण वन्संचा त्यात काय दोष?

रकाना बदलला की वजावट बदलते, खरी गोम तिथेच आहे. पगार किंवा स्वतःची पेन्शन असेल तर त्या वर्षी नव्या करपद्धतीत ७५,००० ची सरसकट वजावट होती. कुटुंब निवृत्तिवेतनाला मात्र त्याचा तिसरा हिस्सा किंवा २५,०००, यांतलं जे कमी असेल ते. जुनी पद्धत घेतली तर २५,००० च्या जागी १५,०००. माझी पेन्शन आणि २,२०,००० व्याज मिळून ७,६०,००० होतात. त्यातून ७५,००० गेले की ६,८५,०००, म्हणजे सात लाखांच्या आत, आणि तेवढ्याला त्या वर्षी कर माफ होता. पण २५,०००च वजा केले की राहतात ७,३५,०००, आणि उपकरासह कर येतो २४,४४०. म्हणजे २२,००० परत मिळायचे राहिले बाजूला, वर २,४४० मीच भरायचे!

मुलगा म्हणाला, “काकू, कोण बघतंय? बँकेनं तरी पेन्शनवर टॅक्स कुठे कापलाय?”

हेही मी वन्संना विचारलं. त्या म्हणाल्या, कुटुंब निवृत्तिवेतनावर बँक कर कापत नाही, त्याचा फॉर्म १६ ही येत नाही. पण कापला नाही म्हणजे लागतच नाही, असं नव्हे. (आमच्या भिशीत तिघीजणी याच भरवशावर निवांत होत्या.) सैन्यात प्रत्यक्ष कामगिरीवर असताना ज्यांना मरण आलं, त्यांच्या पत्नीला मात्र हा कर माफ आहे.

त्या वर्षी मुदत १६ सप्टेंबरपर्यंत होती. मी २,४४० चं चलान भरलं आणि मुलाला शेजारी बसवून सुधारित रिटर्न भरून घेतलं. ‘इतर उत्पन्ना’च्या यादीत ‘कुटुंब निवृत्तिवेतन’ हे नाव निराळं आहे, ते या वेळी मी स्वतः बोट ठेवून दाखवलं. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करमाफी झाली, तेव्हा माझ्यासारखीला पुढे कर बसणार नाही. रकाना मात्र तोच.

कागद यांच्या जुन्या फायलीत लावला. दुकानदाराला फोन करून सांगितलं, गीझर दिवाळीनंतर आणा.