कोणीतरी वापरीत आहे

गेल्या हिवाळ्यातील एका रात्रीची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या पहारेकऱ्याने शिट्टी वाजवीत अकराची फेरी पुरी केली होती, आणि मी घरच्या संगणकासमोर एका फाईलशी हुज्जत घालीत बसलो होतो. आम्ही द्वारकेत राहतो. श्रीकृष्णाच्या नव्हे, दिल्लीच्या नैर्ऋत्येला सेक्टरा-सेक्टरांनी वसलेल्या द्वारकेत. येथील घरांत माणसे मावतात, सामान मावत नाही. म्हणून जुनी वर्तमानपत्रे दरमहा कबाडीवाल्याच्या तराजूत जातात. संगणकाच्या पोटातील अडगळ नेणारा कबाडीवाला मात्र अजून जन्माला यावयाचा आहे. ते काम आमच्या घरी माझ्याकडे असते.

त्या दिवशी डिस्क भरल्याची लाल पट्टी दिसू लागली होती. आकारमानाप्रमाणे यादी लावली, तेव्हा अग्रभागी एक चित्रफीत निघाली. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आई चकल्या करीत असताना मी ती मोबाइलवर घेतली होती. पुढच्या दिवाळीला आई नव्हती. तिच्या हातातील सोऱ्या, कढईत उतरणारी चकली आणि तिचे हसू एवढा भाग वेगळा काढून मी केव्हाच ६ मिनिटांची सुबक फीत तयार केली होती. अनुवाद आणि संपादन यांवर पोट असलेल्या माणसाला फापटपसारा सोसत नाही! मूळ फितीच्या उरलेल्या ४० मिनिटांत मोबाइल ओट्यावर नुसता टेकून ठेवलेला. दिसतो तो छताचा तुकडा आणि ट्यूबलाइट. ही आता कशाला हवी, असे म्हणून मी शिफ्टची कळ धरून डिलीट दाबले. संगणकाने नकार दिला. ही फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे, ती बंद करून पुन्हा प्रयत्न करा, असे त्याचे उत्तर.

हा अनुभव आपणांपैकी अनेकांना आला असेल. अशा वेळी संगणक बिघडला, असा आपला पहिला समज होतो. वस्तुतः नकारामागे बहुधा साधे कारण असते. फाईल कोठेतरी उघडी असते, हे त्यांतील सर्वांत सामान्य. दुसरे कारण मालकीचे: जुन्या संगणकातील डिस्क नव्याला जोडली, तर तिच्यावरील फायली जुन्या खात्याच्या नावावर असतात, आणि नवा संगणक परवानगी नाकारतो. तिसरे कारण आम्हां मराठी लिहिणाऱ्यांना विशेष जाचते. विंडोजमधील अनेक प्रोग्रॅम फाईलचा पूर्ण पत्ता, म्हणजे फोल्डरांच्या नावांसकट, सुमारे २६० चिन्हांपर्यंतच मानतात. त्या हिशेबात ‘क्षि’ हे आपल्या लेखी एक अक्षर चार चिन्हांचे भरते! फोल्डरात फोल्डर ठेवून लांबलचक मराठी नावे दिली, तर मर्यादा लवकर गाठली जाते. बाहेरच्या फोल्डरांची नावे आखूड केली की काम होते. आणि फाईल खुद्द विंडोजची असेल, तर तिला हात न लावणेच श्रेयस्कर.

काढून टाकणे म्हणजे काय, हेही समजून घेतलेले बरे. अ‍ॅपलच्या लिसा या संगणकाच्या पडद्यावर १९८३ मध्येच कचऱ्याची टोपली होती. विंडोजमध्ये रिसायकल बिन आली ती १९९५ साली. तिच्यात पडलेली फाईल परत घेता येते. पण ती रिकामी करीपर्यंत डिस्कवरील जागा सुटत नाही. शिफ्ट धरून डिलीट दाबले की ही टोपली टळते. त्यानंतरही जुन्या पद्धतीच्या डिस्कवर प्रथम केवळ यादीतील नोंद जाते आणि मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत राहतो. नव्या एसएसडी डिस्कवर मात्र मोकळी झालेली जागा लवकरच साफ केली जाते. परत मिळण्याची आशा फारच थोडी. आमच्या संगणकात एसएसडीच आहे.

मी उघडे असलेले सर्व प्रोग्रॅम बंद केले. उत्तर तेच. मग शेवटचा उपाय म्हणून संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याचा हुकूम दिला. तेव्हा पडद्यावर निराळीच सूचना उमटली: आणखी कोणीतरी हा संगणक अद्याप वापरीत आहे.

घरात त्या संगणकावर दोनच खाती आहेत, एक माझे आणि दुसरे अण्णांचे. अण्णा तर दहालाच झोपले होते. ‘तरीही सुरू करा’ या शब्दांवर माझे बोट क्षणभर थबकले. त्यांचे एखादे पत्र अर्धवट असेल, या विचाराने मी हात आवरला.

सकाळी चहाच्या वेळी मी विचारले, “अण्णा, तुमचे खाते रात्री उघडेच राहिले होते. काही काम चालू होते का?”

अण्णा थोडे संकोचले. “काम कसले रे! झोपण्यापूर्वी जरा ऐकतो,” म्हणाले, आणि उठून त्यांनी आपले खाते उघडून दाखविले. तीच फीत ३१व्या मिनिटावर थांबविलेली होती. पडद्यावर तोच छताचा तुकडा होता. अण्णांनी ती पुढे चालविली, आणि आईचा आवाज आला: “अहो, चक्कीवाल्याला नीट सांगा हं, भाजणी गव्हावर दळू नको म्हणावं. मागच्या खेपेसारखी चिकट नको व्हायला.” त्यावर अण्णांचे “हो, हो.” मग तळणाचा आवाज, आणि पुन्हा दोघांचे असेच काहीबाही.

माझ्या सहा मिनिटांत आई दिसत होती; पण त्या दोघांचे बोलणे मी अडगळ म्हणून वगळले होते.

त्याच दिवशी मी एक बाहेरची डिस्क आणली आणि मूळ फितीच्या दोन प्रती केल्या. वाचकहो, आपणही एखादी फाईल जाईना म्हणून चिडाल, तेव्हा प्रथम घरातील दुसरी खाती पाहा. विंडोजच्या शोधपट्टीत ‘रिसोर्स मॉनिटर’ लिहून ते उघडा; त्याच्या सीपीयू विभागातील हँडल्सच्या चौकटीत फाईलचे नाव टाकले, तर ती कोणत्या प्रोग्रॅमने धरून ठेवली आहे ते दिसते. बळजबरीने फायली काढणारे अनोळखी प्रोग्रॅम इंटरनेटवरून आणू नका. लिनक्स ही प्रणाली उघड्या फाईलचेही नाव यादीतून मुकाट्याने काढते. मात्र उघडून बसलेल्याने ती मिटेपर्यंत मजकूर राखते. विंडोज सहसा अशी फाईल काढूच देत नाही. त्या रात्री मला तो हटवादीपणा वाटला होता.

अण्णा आता ऐकून झाले की आपले खाते आठवणीने बंद करतात. त्यामुळे संगणक यापुढे मला अडविणार नाही. म्हणून काहीही काढून टाकण्यापूर्वी मी घरात एकदा विचारून घेतो.